त्याचं तोंड खरंच दुखतं, ताई

पत्र असं आहे : "मी कारंजा (घाडगे) तालुक्यातली. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मोठा मुलगा २३ वर्षांचा, बी.ए. झाला, पोलीस भरतीची तयारी करतो. दोन वर्षांपासून उन्हाळ्यात नागपूरच्या बाजूला एका वॉटर पार्कमध्ये कामाला जातो. पहिल्या वर्षी अस्वलाचा ड्रेस घालून गेटवर उभा राहायचा. आता कधी घसरगुंडीवर, कधी लाटांच्या टाक्यावर शिटी घेऊन असतो. आठ दिवसांनी घरी येतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. बहिणीनं मोबाइलवर गाणं लावलं तर अंगावर धावून जातो. काहून बोलत नाही रे म्हणून विचारलं, तर म्हणे, 'माय, आज मले बोलवू नको, तोंड दुखते.' गावातले लोक म्हणतात, तुमचा पोट्टा तं मजा मारते, पान्यात खेळ्याचे पैसे भेटते त्याले. आता ठेकेदार म्हणतो, खोपोलीकडच्या मोठ्या पार्कमध्ये बारमाही लावून देतो. पाठवू का? आणि त्याला झालं तरी काय? कोणाच्या नादी तर नाही ना लागला?"

ताई, तुमचं पत्र वाचताना मी 'तोंड दुखते' पाशी थांबले. लग्नाआधी तीन उन्हाळे मी नागपूरजवळच्याच एका वॉटर पार्कमध्ये कॉस्च्युमच्या, म्हणजे पाण्यात घालायचे कपडे भाड्यानं द्यायच्या, काउंटरवर काढले आहेत. रात्री घरी आले की जबडा आणि कानाखालची जागा ठणकायची. आई विचारायची, जेवली का? त्याचं 'हो' म्हणायलाही जीव नसायचा. ती एकदा चुलीपाशी बसून रडली. पोरीला शहराचं वारं लागलं, आता आपल्याशी बोलायची लाज वाटते, असं तिला वाटलं होतं. तसं काहीच नव्हतं. त्या दिवशी रविवार होता आणि दिवसभराचं माझं सगळं बोलणं काउंटरवर संपलं होतं. तेव्हा तिला सांगायला मला शब्द सुचले नाहीत. ते आज तुम्हाला सांगते.

पार्कचं गेट दहा-साडेदहाला उघडतं, पण आतल्या माणसांचा दिवस आठच्या आधीच सुरू झालेला असतो. टाक्यातला पाला आणि मेलेले किडे जाळीनं काढायचे, पाण्यातलं क्लोरीन तपासायचं. घसरगुंडीच्या जोडांवरून हात फिरवून कुठं कड वर आली आहे का ते बघायचं, आधी रिकामी ट्यूब सोडून पाहायची, मग एखाद्या पोराला बसवून. कॉस्च्युमवाले रात्री धुतलेले कपडे मोजतात, लॉकरवाले किल्ल्या मोजतात. मग हजेरी, आणि हजेरीच्या शेवटी सुपरवायझरचं ठरलेलं वाक्य : चेहरा हसरा ठेवा.

आता तुमचा मुलगा घसरगुंडीच्या वरच्या टोकाला उभा आहे असं समजा. त्याचं बोलणं एवढंच : "बसा. हात छातीवर. पाय जोडून. थांबा. जा." खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय वरच्याला सोडायचं नाही, नाहीतर एकमेकांवर आदळून दात पडतात, मान मुरगळते. दर अर्ध्या मिनिटाला एक जण धरला तरी तासाला १२० जण झाले, सात तासांत ८४०. तीच पाच वाक्यं ८४० वेळा, प्रत्येक वेळी ऐकणारा नवा, आणि बोलणाऱ्यानं हसून बोलायचं, कारण समोरच्यानं तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. रांगेतला एखादा म्हणतो, जल्दी सोड ना बे. एखादा पिऊन आलेला असतो. एखादी बाई साडीवरच बसू द्या म्हणून भांडते. पाण्यात नायलॉनचेच कपडे लागतात, सुती कपडा पाणी पितो, जड होतो, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. पण लोकांना वाटतं, कपडे भाड्यानं द्यायला आम्ही ही युक्ती काढली. या गोष्टीसाठी तीन वर्षांत मी किती शिव्या खाल्ल्या, ते माझ्या आईला आजही माहीत नाही.

लाटांचा टाका याहून कठीण. तिथं तोंडाला आराम असतो, सगळा भार डोळ्यांवर येतो. जीवरक्षकांच्या प्रशिक्षणात एक हिशेब सांगतात : आपल्या वाट्याचं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत १० सेकंदांत नजरेखालून घालायचं, आणि कोणी अडचणीत दिसलं तर पुढच्या २० सेकंदांत त्याच्यापर्यंत पोचायचं. नजर फिरली की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होत असतं आणि हात पाणी दाबत राहतात. ओरडायला लागणारा श्वासच त्याच्याजवळ नसतो. भोवती शंभर माणसं खोटं खोटं किंचाळत असतात, आणि त्यातून जे गप्प आहे ते शोधायचं असतं. पाण्यावर ऊन चमकतं, लाटा फुटतात, डीजे चालू असतो.

तुमच्याकडे रात्री जागलीला जातात ना? रोही आणि रानडुकरं येतात म्हणून मचाणावर बसून काढलेली रात्र तुमच्या घरच्यांना माहीत असणार. वरून पाहिलं तर तो माणूस नुसता बसलेला असतो. पण सकाळी तो घरी आला की त्याला कोणी म्हणत नाही, काय मजा मारली. तुमचा मुलगा भरदुपारी जागल करतो, आणि राखायला पीक नसतं, लोकांची लेकरं असतात. गावात कोणी पुन्हा मजेचं बोललं तर एवढंच सांगा.

बहिणीच्या गाण्याचंही मला कळतं. लाटा सुरू झाल्या की पार्कमध्ये तीच दहा-बारा गाणी मोठ्या आवाजात लागतात, रेन डान्सला तीच, बंद व्हायच्या वेळी तीच. घरी आल्यावर त्यातलंच एखादं कानावर पडलं की अंग पुन्हा कामावर जातं. बहिणीवर त्याचा राग नाही. तिला सांगा, भाऊ घरी असताना कानात लावून ऐक. तिच्यावर धावून जाणं मात्र चुकीचंच आहे, आणि थकवा उतरल्यावर तेही त्याला सांगा. दमलेल्या माणसाला गप्प बसू द्यावं, दुसऱ्याला घाबरवू देऊ नये.

हसण्याच्या कामाबद्दल थोडं अजून लिहिते, कारण लोकांना ते काम वाटतच नाही. शेगावला सेवेकरी प्रत्येकाला 'माऊली' म्हणतात. हजारोंच्या रांगेतही आवाज चढत नाही, हात जोडलेले असतात. आपल्याला त्याचं कौतुक वाटतं आणि वाटायलाच हवं. पण ते सेवेकरी आपापल्या पाळीला येतात, सेवा करतात आणि घरी परत जातात, आणि मागं श्रद्धा असते. पार्कमधल्या पोराला तोच मवाळपणा रोज, पगारासाठी, श्रद्धेच्या आधाराशिवाय आणायचा असतो. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड सुरू झालं. तिथं नोकरांना नोकर म्हणत नाहीत, नाटकातले कलाकार म्हणतात, आणि पाहुण्यांना दिसणाऱ्या जागेला रंगमंच. आपल्याकडच्या काही पार्कांतही ही पद्धत आली. मला तिच्यातला खरेपणा पटतो, कारण नाटक थकवतं हे त्या शब्दातच कबूल केलेलं आहे. फक्त नाटकवाला रात्रीतून एक प्रयोग करतो. इथं पडदा सकाळी उघडतो तो संध्याकाळीच पडतो.

अस्वलाच्या ड्रेसबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. त्यानंही तुम्हाला तेवढंच सांगितलं असणार. नागपूरच्या मे महिन्यात ४४-४५ अंशांत फोम आणि कृत्रिम केसांच्या आत उभं राहायचं, आतून बाहेरचं धड दिसत नाही, लहान मुलं शेपटी ओढतात, मोठी गुद्दे मारतात, आणि तोंडातून आवाज काढायची बंदी, कारण अस्वल बोलत नाही. एकाचा घाम सुकायच्या आत तोच ड्रेस दुसऱ्याच्या अंगावर चढतो. हे आपल्याकडेच होतं असं नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमध्ये पोशाख घालणाऱ्यांना आतले कपडेसुद्धा वाटून वापरावे लागत होते. ज्याचे त्याला वेगळे मिळावेत म्हणून त्यांच्या युनियनला भांडावं लागलं, तेव्हा २००१ साली ते मिळाले. तुमच्या मुलानं तो एक हंगाम निभावला. त्याबद्दल घरात कोणी त्याला शाबासकी दिली का? नसेल तर द्या, उशीर झालेला नाही.

आता ज्या गोष्टींत त्याला गप्प बसू द्यायचं नाही, त्या सांगते.

पहिली उन्हाची. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. हंगामाचे पहिले दिवस म्हणून फार धोक्याचे. पाण्याजवळ काम करणारा पाणी पीत नाही, कारण अंग ओलं असल्यानं तहान कळत नाही. त्याच्या पिशवीत ओआरएसच्या पुड्या टाका आणि परत आला की किती उरल्या ते मोजा. डोकं गरगरणं, मळमळ, पायात गोळे येणं ही सुरुवात. माणूस बरळायला लागला, चालताना तोल गेला, तर तो उष्माघात. मग घरगुती उपाय करत बसायचं नाही, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत दवाखाना गाठायचा. हे त्याला आणि त्याच्या सोबतच्या पोरांना पाठ असलं पाहिजे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर तेही बघा. पावसाळ्यात शेतात होतात त्याच. पाय कोरडे पुसणं, रात्री उघडे ठेवणं आणि डॉक्टरनं दिलेलं मलम, एवढ्यानं बऱ्या होतात, पण दुर्लक्ष केलं तर चालणं अवघड करतात.

दुसरी पगाराची. मला माझ्या तिसऱ्या हंगामाचा शेवटचा महिना आजवर मिळालेला नाही. ठेकेदार म्हणाला, पाऊस लागला, पार्क बंद, मालकानं दिले की देतो. माझ्याकडे कागदाचा चिटोरा नव्हता. कुणाचं नाव घेऊन भांडायचं हेही कळलं नाही. तुमच्या मुलाला विचारा : नेमणुकीचं पत्र आहे का? पगार बँकेत येतो की हातात? २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो आणि मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १२ टक्के त्याच्याकडून कापले जातात. कापले असतील तर त्याच्या नावाचा यूएएन, म्हणजे या निधीच्या खात्याचा नंबर असणार, आणि सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पासबुकात ते जमा झालेले दिसायला हवेत. ठेकेदार कापतो आणि भरत नाही, हे घडतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला कामगार विमा मिळतो. त्यात कामगाराचे पाऊण टक्का जातात आणि मालकाचे सव्वातीन. त्याचं कार्ड पिशवीत असलं तर पाय मोडल्यावर उसनवारी करावी लागत नाही. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर जादा तासांचे दुप्पट पैसे, आणि आठवड्याची एक सुट्टी हा त्याचा हक्क आहे. कुणाचे उपकार नाहीत. हे विचारताना चौकशी वाटू देऊ नका. कपाशी विकल्याची पट्टी तुम्ही नीट बघून घेता ना, तशी ही बघायची.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. घरी आल्यावर पहिला तासभर त्याला काही विचारू नका. ताक द्या, अंघोळीला पाणी द्या, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, तो आणि तुम्ही दोघंच असताना हळूच विचारा : या वर्षी कोणाला पाण्यातून काढावं लागलं का रे? असं झालं असेल आणि ते लेकरू वाचलं असलं, तरी तो क्षण पोराच्या डोळ्यांपुढून जात नाही. वाचलं नसेल तर त्याच्या मनाचं काय होत असेल ते सांगायलाच नको. पार्कमध्ये त्यानंतर अर्ध्या तासात पुन्हा संगीत सुरू झालेलं असतं आणि त्याला पुन्हा उभं राहावं लागलेलं असतं. तो बोलला तर फक्त ऐका, तुझी चूक होती का असं विचारू नका. हंगाम संपून, पेरणी होऊन, पोळा आला तरी तो असाच भिंतीकडे तोंड करून राहिला, जेवण तुटलं, झोप उडाली, मित्र टाळायला लागला, तर मात्र तो थकवा नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. कोणाच्या नादी लागला का, ही तुमची शंका मी खोडून काढत नाही, पण पत्रात तसं एकही लक्षण मला दिसलं नाही.

आता खोपोलीचं. ठेकेदारानं कोणत्या पार्कचं नाव सांगितलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिकडे इमॅजिकासारखी मोठी पार्क आहेत, २०१३ पासून. बारमाही काम असतं, पाण्यासोबत यंत्राच्या मोठ्या राईड असतात, आणि शिकायला खूप मिळतं. पण आपल्याकडच्या कामाचा शेतीशी जो मेळ बसतो, तो तिथं बसत नाही. इथलं पार्क मार्च ते जून जोरात चालतं. तेव्हा हरभरा-गहू निघालेला असतो आणि शेत मोकळं असतं. मृग लागला की गर्दी ओसरते आणि पोरगं पेरणीला घरी येतं. त्याची लग्नसराई हुकते, पोळा आणि दिवाळी मिळते. तिकडे गेला की दिवाळी आणि नाताळ हेच गर्दीचे दिवस, सुट्टी मागायची सोय नाही.

आणि मोठ्या राईडवर जबाबदारीही मोठी. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावावर एक झुलती राईड तुटून दोन जण गेले. तेव्हा मालकासोबत राईड चालवणारे आणि हेल्परही अटकेत गेले. त्याआधी २ जून २०१५ ला इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्स या पार्कात रोलर कोस्टरची एक रिकामी गाडी रुळावर अडकली होती. यंत्रानं दुसरी गाडी बरोबर थांबवली, पण कामगारांना वाटलं यंत्रच चुकतंय, त्यांनी ती पुढं सोडली. १६ जण जखमी झाले, दोन तरुण मुलींचे पाय कापावे लागले. कोर्टानं दोष कंपनीच्या माथी मारला, कारण अशा वेळी काय करायचं याची नीट पद्धतच तिनं घालून दिली नव्हती, आणि ५० लाख पौंड दंड केला. तिकडचा न्याय इकडे मिळेल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून त्याला सांगा, कुठंही काम कर, सकाळच्या तपासणीच्या वहीत स्वतःची सही केल्याशिवाय राईड सुरू करायची नाही, तपासलं नसेल तर सही करायची नाही, आणि गर्दी आहे, पटापट सोड, असं कोणीही म्हटलं तरी शंका असताना बटण दाबायचं नाही. त्यापायी नोकरी गेली तर जाऊ द्या.

माझं मत विचाराल तर ठेकेदाराच्या शब्दावर यंदा पाठवू नका. कंपनीच्या नावाचं नेमणूकपत्र हातात आलं, राहायची सोय आणि कापून हातात येणारी रक्कम लिहून मिळाली, तर विचार करा, आणि तोही त्यानं करायचा आहे. पोलीस भरतीचं वय खुल्या गटाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत असतं, म्हणजे त्याच्याजवळ अजून वर्षं आहेत. पार्कात दिवसभर उभं राहून पहाटे १६०० मीटर धावायला पाय उचलत नाहीत, हे मात्र खरं. म्हणून जुलै ते फेब्रुवारी हे महिने अभ्यास आणि धावण्यासाठी घट्ट धरा. त्या काळात जीवरक्षकाचं रीतसर प्रमाणपत्र घेता आलं तर घ्यावं. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी असे वर्ग घेते. शिटी तर आज त्याच्या गळ्यात आहेच. सोबत प्रमाणपत्र असलं तर तो ठेकेदाराशिवाय कुठल्याही तलावावर उभा राहू शकेल.

अजून एक करा. हंगाम संपायच्या आत एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी, गर्दी कमी असते तेव्हा, लेकीला घेऊन त्या पार्कात जा. ओळखीवर फुकट आत सोड असं त्याला म्हणू नका. गावाकडचे सगळे तेच मागतात आणि सुपरवायझरसमोर त्याची पंचाईत होते. तिकीट काढा. लाटांच्या टाक्याच्या कडेला सावली बघून अर्धा तास बसा आणि फक्त त्याच्याकडे बघत राहा. तो डोकं कसं डावीकडून उजवीकडे फिरवतो, कुणी हात हलवला की कसा अर्धं पाऊल पुढं टाकतो, ते तुम्हाला दिसेल. त्याला हाक मारू नका, त्या वेळी त्याची नजर पाण्यावरून हलायला नको. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून डबा गेटवरच ठेवून घ्यायला सांगा. दुपारची त्याची सुट्टी झाली की बाहेर झाडाखाली बसून तिघं जेवा. भाकरी, झुणका आणि ताक असू द्या. तोंड दुखत असलं तरी एवढं चावता येतं.